नवा पट्टा किती ताणायचा? १८ इंची बँडसॉ, सागाचं काम

बोरीकाठ, अमळनेर

राम राम मंडळी. अमळनेरला चौकटी आणि दारं-खिडक्यांचं काम करतो. आधी लाकूड वखारीतूनच चिरून आणायचो, पण तिथे नंबर लागेपर्यंत गिऱ्हाईक दुसऱ्याकडे जातं. म्हणून १८ इंची चाकाचा, ओतीव बॉडीचा जुना बँडसॉ (दोन चाकांवर फिरणाऱ्या दातेरी पोलादी पट्ट्याची करवत) घेतला. मोटर चांगली, टेबल सपाट, तक्रार नाही.

घोळ पट्ट्याचा आहे. दुकानदाराने "एकदम हेवी" म्हणून २५ मिमी रुंदीचा पट्टा दिला. वरच्या चाकामागे ताण द्यायची स्प्रिंग आहे, तिच्या शेजारी काटा आणि पट्ट्याच्या रुंदीच्या खुणा. काटा २५ वर आणला आणि ६ इंच रुंद सागाची फळी उभी धरून चिरली. पट्टा रेषा सोडून पळाला, फळी मध्येच पोटुशी निघाली. ताण कमी पडतोय म्हणून काटा खुणेच्या पुढे नेला. थोडा फरक पडल्यासारखा वाटला आणि आठवडाभरात पट्टा तुटला. जोडावर नाही, जोडापासून वीतभर लांब.

तसलाच दुसरा पट्टा आणून ठेवलाय. चढवायच्या आधी विचारतो, नक्की किती ताणायचा? कोणी म्हणतं बोटाने दाबून बघ, कोणी म्हणतं वाजवून बघ. मोजमाप सांगा कोणीतरी.


भरीतभाकर, पारोळा

काय भो, पट्टा तुटना का? तो काटा आते इसरी जा. तो फक्त देखाडाले शे.


पांझरा, धुळे

बोरीकाठ भाऊ, ताणाचं नंतर बघू. आधी तीन गोष्टी सांगा. पट्ट्याची जाडी किती? इंचाला दात किती? आणि तुटलेलं टोक उजेडात धरून बघा, चीर दाताच्या बुडातून सुरू झालीय की पाठीकडून?


बोरीकाठ, अमळनेर

जाडी व्हर्नियरवर ०.९ मिमी. इंचाला ६ दात. टोक आत्ता बघितलं, चीर दाताच्या बुडातूनच गेलीय. आणखी एक, तुटलेल्या जागेच्या आजूबाजूच्या दातांच्या बुडातही केसासारख्या बारीक चिरा दिसतायत. तिथे बोट फिरवलं तर काही लागत नाही, पण वाकवलं की उघडतात.


पांझरा, धुळे

मग तुमचा पट्टा ताणाने तुटलेला नाही, वाकून वाकून तुटलाय. हिशेब बघा.

पट्टा चाकावरून जातो तेव्हा सरळ पोलाद गोल वाकतं. बाहेरची बाजू ताणली जाते, आतली दाबली जाते. हा ताण किती, तर पोलादाचा लवचिकता गुणांक गुणिले पट्ट्याची जाडी भागिले चाकाचा व्यास. पोलादासाठी गुणांक साधारण २,००,००० न्यूटन प्रति चौरस मिमी धरा. तुमचं चाक ४५७ मिमी, पट्टा ०.९ मिमी. उत्तर येतं जवळपास ३९५. आणि हँडव्हील फिरवून आपण जो ताण देतो तो साध्या कार्बन पोलादाच्या पट्ट्याला १०० ते १४० असला की पुरे. म्हणजे ज्या आकड्यावर आपण इतका खल करतोय त्याच्या तिप्पट ताण नुसत्या वाकण्याने येतो, आणि तो तुमच्या हातात नाही. तो दुकानातच ठरून आला.

वर हे किती वेळा होतं तेही बघा. पट्ट्याची लांबी ३.६ मीटर, वेग सेकंदाला १५ मीटर धरला, तर पट्टा सेकंदाला चार फेऱ्या मारतो आणि दर फेरीत दोन चाकांवर दोनदा वाकतो. तासाला ३०,००० वेळा. तार वाकवून-सरळ करून तोडतो, तोच प्रकार. दाताचं बूड ही खाच असल्याने चीर तिथूनच निघते. चीर पाठीकडून असती तर मी म्हटलं असतं की तुम्ही लाकूड जोरात रेटताय किंवा पट्ट्याच्या पाठीला आधार देणारं मागचं बेअरिंग झिजून त्याला खाच पडलीय.

जुना ठोकताळा असा की पट्ट्याची जाडी चाकाच्या व्यासाच्या हजाराव्या भागापेक्षा फार जास्त नसावी. १८ इंची चाकाला ०.४५ मिमी येते. बाजारात ०.५ चा पट्टा मिळतो, तो घ्या. वाकण्याचा ताण २२० च्या आत येईल.


भरीतभाकर, पारोळा

म्हणजे दुकानदारनी हेवी सांगीसन भाऊले हेवी टोपी घाली दिन्ही.


बोरीकाठ, अमळनेर

०.५ चा पट्टा बोटात धरला तर कागदासारखा लवतो. तो ६ इंच सागात सरळ चालेल? जाड असून हा पळाला.


रंधापटाशी, जळगाव

दादा, पळण्याचं कारण जाडी नाही, दात आहेत. इंचाला ६ दात आणि ६ इंच उंचीची फळी, म्हणजे एका वेळी ३६ दात लाकडात. प्रत्येक दात भुसा काढतो आणि तो भुसा दोन दातांमधल्या पोकळीत साठतो, खाली बाहेर पडेपर्यंत. तुमच्या पट्ट्यात पोकळी छोटी, ती निम्म्यातच भरते. मग भुसा बाजूने पट्ट्याला ढकलतो आणि पट्टा वाट मिळेल तिकडे जातो. फळी मधे फुगते ती त्यामुळेच, कारण वर आणि खाली गाईड पट्ट्याला धरून असतात, मध्ये धरणारं कोणी नसतं.

उभं चिरायला इंचाला ३ दात घ्या. सागाच्या लाकडात सिलिका असते, ती धार खाते. बोथट दात असला की आपण रेटतो, रेटलं की पट्टा पळतो, पळाला की आपण ताण वाढवतो. आमच्याकडे कारागीर हेच करायचे. मी आता हँडव्हीलला हात लावू देत नाही, आधी दात दाखवा म्हणते.


तापीपार, शहादा

तीस वर्षं आरा मशीनवर काढली, पट्ट्याला धार लावणं आणि शेट काढणं (दात एकाआड एक डावी-उजवीकडे वाकवणं) हेच काम. पांझराभाऊंचा हिशेब बरोबर आहे, पण एक गोष्ट राहिली. बोरीकाठ, काटा खुणेच्या पुढे नेला तेव्हा स्प्रिंगचे वेढे बघितले का? एकमेकांना टेकले होते का?


बोरीकाठ, अमळनेर

हो दादा, पार टेकले होते. मला वाटलं तेवढं दाबावंच लागतं.


तापीपार, शहादा

तिथेच ग्यानबाची मेख आहे. स्प्रिंग ताण मोजायला नसते, पट्टा लांब-आखूड होतो तो सांभाळायला असते. वेढे टेकले की स्प्रिंग संपली, नंतर तुम्ही बॉडी वाकवताय आणि वरच्या चाकाचं बेअरिंग मारताय. २५ बाय ०.९ चा पट्टा म्हणजे साडेबावीस चौरस मिमी पोलाद. त्याला १०० चा ताण द्यायचा तर एका बाजूला २२५० न्यूटन आणि चाकाच्या दोन्ही बाजू धरून ४५००. म्हणजे वरच्या चाकावर साडेचार क्विंटलहून जास्त ओढ. तुमच्या मशीनची स्प्रिंग तेवढ्याला बनलेलीच नसणार. त्यात जुन्या मशीनची स्प्रिंग थकून नरम पडलेली असते, काटा खूण दाखवतो पण ओढ तेवढी नसते.

१९ बाय ०.५ चा पट्टा घेतलात तर एकूण ओढ १९०० न्यूटन, दोन क्विंटलच्या आत. मशीन सुखाने देईल.

आमच्या वखारीच्या मशीनला स्प्रिंग नाही. लांब दांडा आणि त्याच्या टोकाला लोखंडी वजनं. पट्टा गरम होऊन लांबला की वजन आपोआप खाली बसतं, ओढ तेवढीच राहते. त्याला काटाही लागत नाही. आणि ४ इंची पट्ट्याचं काम निराळंच असतं. तो नुसता ओढून चालत नाही. रोलरमध्ये घालून त्याचा मधला भाग किंचित लांबवावा लागतो, म्हणजे ओढ दाताच्या कडेवर आणि पाठीवर येते. कापताना दाताची कड तापून लांबते, तरी ढिली पडत नाही. पट्टा वाकवून त्यावर आडवी सरळपट्टी धरायची, मध्ये उजेडाची बारीक चंद्रकोर दिसली की मिस्त्री मान हलवणार. नवापूर-तळोद्याकडचे जुने मिस्त्री हे काम हातोडीने करायचे. ऐरणीवर पट्टा आणि हातोडी, नुसत्या आवाजावरून कळायचं त्यांना. बोरीकाठ, तुम्हाला यातलं काही लागत नाही, १९ मिमीचा पट्टा बारीकच आहे. पण कोणी तुम्हाला वाजवून बघ म्हटलं ते उगाच नाही, एवढंच.


भरीतभाकर, पारोळा

बाकी ते जाऊ द्या. आमच्या पत्र्याच्या शेडमध्ये मे महिन्यात पट्टा आपोआप ढिला पडतो. आखाजीनंतर दुपारी काम बंदच. उन्हाने पोलाद लांबतं ना?


पांझरा, धुळे

लांबतं, पण मशीनची बॉडीही त्याच शेडमध्ये उभी आहे. ओतीव लोखंड आणि पोलाद जवळपास सारखंच प्रसरण पावतात, दोन्ही बरोबर तापले तर ताणात फारसा फरक पडत नाही. जळगाव-भुसावळला पारा ४५ च्या वर गेला तरी.

फरक पडतो तो पट्टा एकटा तापतो तेव्हा, घर्षणाने. पोलाद दर अंशाला दहा लाखात १२ भाग लांबतं. पट्टा बॉडीपेक्षा ३० अंश जास्त तापला आणि चाकं जागची हललीच नाहीत, तर ताण ७२ ने उतरतो. शंभरातले बहात्तर गेले! स्प्रिंग जिवंत असेल तर ती चाक वर ढकलून बराचसा भरून काढते. वेढे टेकलेले असतील तर काही नाही. तापीपार दादांनी विचारलं ते याचसाठी. तुमच्या मशीनचीही स्प्रिंग बघा. आणि चाकांवरचं रबर बघा, पत्र्याच्या शेडमध्ये चिकटवलेलं रबर सुटतं आणि पट्टा ढिला वाटतो.


भरीतभाकर, पारोळा

रबर एका जागी बोटभर उचललं गेलंय. देखा, बठ्ठा दोष मी सूर्यले देत होतू.


बोरीकाठ, अमळनेर

१९ बाय ०.५, इंचाला ३ दात, असा पट्टा मागवला. रोलमधून कापून जोडून देणार आहेत. आता चढवायची रीत कोणीतरी नीट सांगा. मशीनसोबत पुस्तक नाही आलं.


रंधापटाशी, जळगाव

मी सांगते, आमच्या दुकानात हे माझ्याकडेच आहे.

प्लग काढा. स्विच बंद पुरत नाही, प्लग काढून टेबलावर ठेवा, डोळ्यासमोर. हातमोजे आणि चष्मा घाला. गुंडाळलेला पट्टा सोडताना तो सापासारखा उसळतो (तोंड लांब ठेवा), मोकळ्या जागेत, हात लांब करून सोडायचा. मोजे फक्त एवढ्यासाठी, मशीन सुरू करण्याआधी काढायचे म्हणजे काढायचे.

मग ताण पूर्ण सोडा आणि गाईड, वरची-खालची दोन्ही, बाजूची आणि मागची, पट्ट्यापासून लांब सरकवा. लोक हे विसरतात. जुन्या पट्ट्याच्या गाईडमध्ये नवा पट्टा बसवला की तो चाकावर कुठे चालायचा ते गाईड ठरवते, चाक नाही, आणि मग तुम्ही दिवसभर स्क्रू फिरवत बसता. टेबलाच्या चिरेतली पिन काढून जुना पट्टा बाहेर. आता चाकांची रबरं साफ करा. निंब-बाभळीचा डिंक आणि भुसा मिळून रबरावर टणक खपली धरते, लाकडाच्या काठीने खरवडा, पटाशी लावू नका. चाक हाताने फिरवत प्रत्येक वीतभर बघा.

नवा पट्टा धरा. टेबलाजवळ दात खाली आणि तुमच्याकडे. दात वर दिसले तर पट्टा फिरवून उपयोग नाही, तो आतबाहेर उलटावा लागतो. पहिल्यांदा करताना डोकं चक्रावतं, पण नुसता पीळ द्यायचा असतो. वरच्या चाकावर, मग खालच्या चाकावर चढवा, पट्टा घसरणार नाही इतपत ताणा.

आता हाताने वरचं चाक फिरवा, पुढच्याच दिशेने. वरच्या चाकाला तिरपं करणारा स्क्रू मागे असतो. तुमच्या मशीनच्या रबराला मध्ये उंचवटा असेल, पट्टा त्या उंचवट्यावर यायला हवा. पुढे येत असेल तर चाकाची वरची कड किंचित मागे झुकवा. पाव फेरी, पुन्हा चाक फिरवा, बघा. पट्टा बसायला दोन-चार फेरे घेतो, लगेच हात लावू नका. मग ताण पूर्ण द्या. ताण वाढवला की पट्टा पुन्हा जागा बदलतो, म्हणून चाल पुन्हा बघावीच लागते. चाल जमेपर्यंत गाईडला हात नाही.

शेवटी गाईड. बाजूच्या गाईड दातांच्या बुडाच्या जरा मागे थांबल्या पाहिजेत. दातापर्यंत आल्या तर शेट घालवून टाकतील. पट्टा आणि गाईड यात साधा कागद घालून गाईड टेकवा आणि कागद काढून घ्या, तेवढी फट पुरे. मागचं बेअरिंग पट्ट्यापासून अर्धा मिमी मागे. मशीन रिकामं फिरताना ते फिरता कामा नये, लाकूड लावलं की फिरावं. वरची गाईड लाकडाच्या वर बोटभर, जास्त नाही. टेबल आणि पट्टा गुनियात आहेत का ते सगळ्यात शेवटी.


बोरीकाठ, अमळनेर

ताई, एवढं कोणी दुकानात सांगत नाही. पण "ताण पूर्ण द्या" म्हणजे किती? माझा मूळ प्रश्न तिथेच राहिला.


पांझरा, धुळे

मोजून द्या. मशीन बंद, प्लग काढलेला. पट्टा नुसता सरळ होईल इतका ताणा. खांबाकडच्या बाजूला, जिथे पट्टा मोकळा सरळ धावतो, एका लाकडी पट्टीचं वरचं टोक क्लॅम्पने पट्ट्याला पकडा. पट्टीच्या खालच्या टोकाला डायल गेज (मिमीचा शंभरावा भाग दाखवणारं घड्याळी माप) बांधा. त्या क्लॅम्पपासून बरोबर ५०० मिमी खाली पट्ट्यावर दुसरा छोटा क्लॅम्प लावा आणि गेजची सुई त्याला टेकवा, शून्य करा. आता हँडव्हील फिरवा. पट्टा लांबेल आणि गेज सांगेल किती. ५०० मिमीत ०.२५ मिमी लांबला की ताण १०० झाला. गेजवर २५ घरं. ३५ घरं म्हणजे १४०. तुमच्या पट्ट्याला २५ ते ३० मध्ये थांबा.

पट्टा रुंद असो की अरुंद, आकडा तोच. रुंदीने ओढ बदलते, लांबण्याचं प्रमाण नाही. एकदा मोजलं की स्प्रिंगच्या बाजूला स्वतःची खूण करा, खिळ्याने ओरखडा मारा. काट्याच्या छापील खुणांवर पट्टी चिकटवली तरी चालेल.


तापीपार, शहादा

डायल गेज नसेल त्यांच्यासाठी. वरची गाईड टेबलापासून ६ इंचांवर, पट्ट्याला मधोमध बाजूने बोटाने मध्यम जोर. पाव इंचाच्या आसपास हलला तर ठीक. दर मिस्त्रीच्या बोटाचा जोर निराळा, तेव्हा याला मोजमाप म्हणू नका.

दुसरी पद्धत मला जास्त आवडते. दारं बंद, गाईड लांब सरकवलेल्या, पट्ट्याच्या रेषेत कोणी उभं नाही. मशीन रिकामं चालवा आणि ताण हळूहळू कमी करत जा. एका जागी पट्टा फडफडायला लागेल, कडा धूसर दिसतात. तिथून पाव-पाव फेरी वाढवत फडफड थांबवा आणि वर आणखी पाव फेरी. हे अरुंद आणि पातळ पट्ट्यालाच. फडफड सुरू झाली की लगेच वाढवायचं, बघत बसायचं नाही.

आणि संध्याकाळी ताण सोडा. तापलेला पट्टा रात्री थंड होऊन आखडतो, तो ओढ वाढवतो, रबराला एका जागी दाब पडतो. आम्ही दिवसाचं शेवटचं लाकूड झालं की वजनं काढायचो.


केळीबाग, रावेर

सकाळी विसरून कोणी सुरू केलं तर?


तापीपार, शहादा

स्विचवर पाटी अडकवायची. "पट्टा ढिला". आमच्याकडे पत्र्याची होती, तारेच्या आकड्याला. ती काढल्याशिवाय बटण दाबताच येत नाही अशी अडकवा.


बोरीकाठ, अमळनेर

पट्टा चढवला. डायल गेज टर्नरकडून आणला, २७ घरांवर थांबलो. गंमत म्हणजे मशीनचा काटा त्या वेळी ३२ च्या खुणेपाशी होता, पट्टा १९ चा. सुरुवातीला लाकूड हळू लावलं, दात बसेपर्यंत. ६ इंची साग सरळ चिरला, वर-खाली फळीच्या जाडीत सुताचाही फरक नाही. निंबाचा एक वाकडा तुकडा घातला, आडव्या-तिडव्या रेषांचा, तोही गेला.

एकच गोष्ट. दर फेरीला टक् असा आवाज येतो आणि फळीवर ठरावीक अंतरावर बारीक रेघ उमटते. पट्ट्यात चीर नाही, बघितलं.


रंधापटाशी, जळगाव

जोड आहे तो. मशीन बंद करून, प्लग काढून जोडावर नख फिरवा, दोन्ही बाजूंनी. नख अडलं तर जोड घासलेला नाही, गाईडमधून जाताना आपटतो. बारीक कानस आडवी न लावता पट्ट्याच्या लांबीत फिरवा, फक्त उंचवटा जाईपर्यंत. पट्ट्याची मूळ जाडी खायची नाही.

नख अडलं नाही तर पट्टा उतरवा, जोडाचा भाग टेबलावर सपाट ठेवा आणि पाठीला पोलादी सरळपट्टी लावा. पाठ जोडावर वाकडी असेल, उजेड दिसेल, तर पट्टा दर फेरीला पुढेमागे उडी मारतो आणि मागच्या बेअरिंगला ठोकतो. ते कानशीने निघत नाही. दुकानात परत द्या, कापून पुन्हा जोडायला सांगा आणि तिथेच सरळपट्टी लावून बघून घ्या. पैसे द्यायचे नाहीत त्याचे, जोड त्यांचा आहे.


बोरीकाठ, अमळनेर

नख अडलं, दात असलेल्या बाजूला. कानस शोधतो. आणि तो ०.९ वाला दुसरा पट्टा, न वापरलेला, कोणाकडे मोठ्या चाकाचं मशीन असेल तर अर्ध्या किमतीत घेऊन जा. ३६ इंची चाक असेल तर हजाराव्या भागाच्या हिशेबात बसतो. पातळ फळी कापायला ६ दात चालतील.


भरीतभाकर, पारोळा

दुकानदारले दाखाडीसन बदली ले भो, आधी. हेवी शे ना.